घाटावरची पाटी

नागपूर जिल्ह्याला समुद्र नाही. पण पाणी भरपूर आहे. कन्हान आहे, पेंच आहे, वेणा आहे. पूर्वेला वैनगंगा वाहते, पश्चिमेला वर्धा वाहते. रामटेकजवळ खिंडसीचा तलाव आहे. तोतलाडोहचे मोठे धरण आहे. पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण झाले, तेव्हापासून वैनगंगेचे पाणी मागे कितीतरी दूर पसरले आहे.

जिथे पाणी आहे, तिथे नाव आहे. आपल्याकडे तिला कोणी नाव म्हणतात, कोणी डोंगा म्हणतात. मासे धरायला डोंगा लागतो. पलीकडच्या शेतात जायला डोंगा लागतो. देवाला जायला, दशक्रियेला जायलाही लागतो. कुही तालुक्यातले अंभोरा तुम्हांला ठाऊक असेल. तेथे पाच नद्यांचा संगम आहे आणि चैतन्येश्वराचे देऊळ आहे. तेथे पलीकडे भंडारा जिल्ह्यात जायचे तर लोक नावेने जात. २०२४ च्या जानेवारीत तेथे मोठा पूल सुरू झाला, आणि लोकांची सोय झाली. पण प्रत्येक घाटावर पूल कुठे आहे?

या धड्यात आपण नावेबद्दल वाचू. नाव कशी वल्हवावी हे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ती विद्या ढिवर-भोयांच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, आणि ती पुस्तकात मावणारी नाही. आपण दुसरी गोष्ट पाहू. नावेत किती माणसे बसवावी हे कोणी ठरवायचे? ते पाळले जाते की नाही, यावर नजर कोणी ठेवायची? आणि नजर ठेवणाऱ्याला सरकारने नाव दिली, पैसे दिले, तर त्याने बदल्यात काय केले पाहिजे?

जुना कायदा

इंग्रजी राज्यात १८७८ साली नदीवरच्या नावघाटांसाठी एक कायदा झाला. त्याच्या नावात उत्तर हिंदुस्थान असे शब्द होते, पण तो मध्यप्रांतालाही लागू होता. नागपूर तेव्हा मध्यप्रांतात होते. या कायद्याने सरकारी घाट ठेक्याने देता येत. ठेकेदार उतारूंकडून पैसे घेई. पण त्याच्यावर एक बंधन होते. माणसाचे किती, बैलाचे किती, गाडीचे किती, असा दराचा तक्ता त्याने घाटाजवळ लावायचा. तो लोकांच्या भाषेत असावा, अक्षर स्पष्ट असावे, आणि सर्वांना दिसेल अशा जागी असावा. एका नावेत किती माणसे, किती जनावरे, किती ओझे चढवावे, याचे नियम करण्याचा अधिकारही या कायद्याने दिला होता.

आता विचार करा. पाटी मराठीत लावा, असे कायदा म्हणत होता. पण पाटी वाचणारे गावात किती होते? ज्याला अक्षर ओळखता येत नव्हते, त्याला ठेकेदार सांगेल तोच दर खरा होता. पाटी असूनही ती त्याच्यासाठी नव्हतीच.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. घाटावर पाटी असेल तर ती तुम्हांला वाचता येईल. पाटी नसेल, तर ती का नाही, हे तुम्हांला विचारता येईल.

काही वाईट दिवस

काही गोष्टी वाचायला जड जातात, पण वाचल्या पाहिजेत.

१७ जुलै १९४७. मुंबईहून रेवसला जाणारी रामदास नावाची आगबोट वादळी समुद्रात उलटली. सहाशेहून जास्त माणसे गेली. ही फार जुनी आणि फार दूरची गोष्ट झाली. आता जवळच्या पाहू.

९ जुलै २०१७, रविवार. नागपूरजवळ वेणा धरणात काही तरुण मुले नावेतून फिरायला गेली. नावेत एकूण अकरा जण होते. मोबाइलवर चित्रे काढणे चालू होते. अंगावर तरंगते जाकीट कोणाच्याच नव्हते. नाव उलटली. अकरांपैकी तिघेच वाचले.

१४ सप्टेंबर २०२१. अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यात वर्धा नदीवर झुंज नावाचे ठिकाण आहे. घरात मृत्यू झाला होता. दशक्रियेसाठी नातेवाईक जमले होते. त्यांची नाव उलटली. एकाच गोतावळ्यातली अकरा माणसे गेली. एका माणसाच्या दशक्रियेला आलेल्या त्या कुटुंबावर अकरांचे सुतक आले.

२३ जानेवारी २०२४. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर गावच्या बाया मिरची तोडायला निघाल्या. काम वैनगंगेच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात होते. नाव नदीत उलटली. सहा बाया बुडाल्या. त्या फिरायला गेल्या नव्हत्या. मजुरीला गेल्या होत्या.

त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी धरणाच्या पाण्यात नाव उलटली. करमाळा तालुक्यातले कुगाव आणि इंदापूर तालुक्यातले कळाशी यांच्यामध्ये हे पाणी आहे. संध्याकाळी वळवाचा वारा सुटला. नावेत सात जण होते. एक पोहून काठाला लागला. सहा गेले.

आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत नीलकमल नावाची बोट बुडाली. ती गेटवेहून घारापुरीला चालली होती. नौदलाच्या एका वेगवान बोटीची चाचणी चालू होती. ती बोट येऊन नीलकमलवर आदळली. पंधरा माणसे मेली. नीलकमलला ८४ उतारू आणि ६ खलाशी यांचा परवाना होता. आत शंभराहून जास्त माणसे होती. धडक दुसऱ्याची होती हे खरे. पण बोट बुडू लागली की आत किती माणसे आहेत आणि किती जाकिटे आहेत, यालाच महत्त्व येते. या अपघातानंतर महाराष्ट्र सागरी मंडळाने उतारूंना जाकीट घालणे सक्तीचे केले.

प्रत्येक ठिकाणचे कारण निराळे आहे. कुठे वारा, कुठे गर्दी, कुठे धडक. पण नाव उलटल्यावर माणूस पाण्यात काही वेळ तरंगता राहिला, तर काठावरचे लोक त्याच्यापर्यंत पोचू शकतात. तेवढा वेळ जाकीट देते. चांगला पोहणारासुद्धा अंगावर ओले लुगडे, पायांत बूट आणि गळ्याला पडलेले घाबरे माणूस, अशा स्थितीत फार वेळ टिकत नाही.

नावेचा हिशोब

आता थोडे गणित करू. वही घ्या.

समजा, एक चपट्या बुडाची नाव आहे. लांबी ५ मीटर. रुंदी १ मीटर २० सेंटिमीटर. तिचे बूड पाण्यावर ६ चौरस मीटर जागा घेते. अशा नावेत ६० किलो ओझे चढले की ती साधारण १ सेंटिमीटर खाली बसते. म्हणजे एक माणूस, एक सेंटिमीटर.

रिकाम्या नावेची कड पाण्याच्या ३० सेंटिमीटर वर आहे असे धरू. आठ माणसे बसली. कड ८ सेंटिमीटर खाली आली. उरले २२. साधारण एक वीत. हे ठीक आहे.

आता बारा माणसे बसली आणि ६० किलोची दोन पोती ठेवली. कड १४ सेंटिमीटर खाली आली. उरले १६.

तुम्ही म्हणाल, सोळा तरी उरले ना! नाव तर बुडाली नाही. नावाडीही असेच म्हणतो, आणि शांत पाण्यात त्याचे खरे ठरते. दहा वेळा ठरते, शंभर वेळा ठरते. पण हे सोळा सेंटिमीटर नाव सरळ असेपर्यंतच आहेत. चार माणसे एका अंगाला वळून पाहू लागली, की त्या बाजूची कड आणखी खाली जाते. त्यात वाऱ्याची एक लाट आत येते. आत आलेले पाणी एका जागी राहत नाही. नाव ज्या बाजूला कलली, त्याच बाजूला ते धावते, आणि तिला आणखी कलवते. माणसे घाबरून उभी राहतात. उभ्या माणसांचा भार उंचावर जातो. मग नाव सावरत नाही. हे सगळे होण्यास फार वेळ लागत नाही.

म्हणून नावाडी ओरडतो, बसून राहा. त्यावर रागावू नये. लाकूड कोरून केलेल्या गोल बुडाच्या डोंग्यात तर हलूसुद्धा नये.

आणि वारा? आपल्याकडे एप्रिल, मे, जूनमध्ये दुपारनंतर आभाळ काळे होते. धूळ उडते. मोठ्या धरणाचे पाणी उघडे असते, त्याला आडोसा नसतो. तेथे लाट पटकन उठते. अशा वेळी नाव सोडू नये. घरी जायला उशीर झाला तरी चालेल.

आताचे कायदे

भाडे घेऊन माणसे नेणारा जर मोडकी नाव वापरील, किंवा जिवाला धोका होईल इतका भार चढवील, तर तो गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत त्यासाठी २८२ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हे २८४ वे कलम आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

नद्या आणि तलावांवरच्या नावांसाठी २०२१ साली अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा झाला. तो ७ जून २०२२ पासून लागू झाला. त्याआधी १९१७ चा कायदा चालू होता. नव्या कायद्याने इंजिनाच्या नावेची तपासणी आणि नोंदणी करावी लागते. दिवे, आवाजाची खूण, जीव वाचवण्याची साधने ठेवावी लागतात. अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे लागते.

वल्ह्याच्या नावांचाही या कायद्यात विचार आहे. त्यांची नोंद गावपातळीपर्यंतच्या स्थानिक संस्थांकडून करून घेण्याची वाट त्याने मोकळी केली आहे. आणखी एक गोष्ट आहे, ती नीट वाचा. प्रत्येक राज्याने एक विकास निधी उभारावा, असे हा कायदा म्हणतो. त्या निधीतून संकटाच्या वेळची तयारी करायची, पाण्याची घाण रोखायची, आणि जलवाहतूक वाढवायची. म्हणजे नावेच्या सुरक्षिततेसाठी पैसा ठेवावा, हे कायद्याला मान्य आहे.

पण पैसा आला म्हणजे काम झाले, असे होत नाही. याचे उदाहरण आपल्याच राज्यात किनाऱ्यावर आहे.

किनाऱ्यावरची गस्त

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. त्यावर नजर ठेवण्यासाठी केंद्र सरकारने २००५ साली किनारा सुरक्षा योजना मंजूर केली. किनाऱ्यावरच्या राज्यांना सागरी पोलीस ठाणी मिळायची होती. वेगवान नावा मिळायच्या होत्या. नावांचे इंधन आणि दुरुस्ती यांसाठीही केंद्र पैसे देणार होते. शिक्षण तटरक्षक दल देणार होते. पण माणसे राज्याने द्यायची, अशी अट होती.

मंजुरी २००५ ची. २००८ उजाडले तरी पुरेशा नावा किनाऱ्यावर आल्या नव्हत्या. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा हल्लेखोर समुद्रातून मुंबईत आले. त्यांनी कुबेर नावाची मासेमारीची नाव पळवली होती. शेवटी ते रबरी होडीतून कुलाब्याच्या कोळीवस्तीजवळ उतरले. त्यांना पाहून प्रथम हटकले ते तेथल्या कोळी लोकांनी. ज्याचे रोजचे पाणी आहे, त्याला परका माणूस लगेच ओळखू येतो.

त्यानंतर कामाला वेग आला. नावा आल्या, ठाणी वाढली. कोळ्यांना ओळखपत्रे दिली. कळवण्यासाठी क्रमांक दिले. सागरी पोलिसांचा १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. पण अडचणीही निघाल्या. नाव आहे, पण चालवणारा शिकलेला माणूस नाही. माणूस आहे, पण नाव दुरुस्तीला गेली आहे. नाव आणि माणूस दोन्ही आहेत, तर इंधन नाही. तीन पायांच्या तिवईचा एक पाय मोडला की बाकीचे दोन उपयोगाचे नसतात.

अमेरिकेत हा प्रश्न त्यांनी आपल्या परीने सोडवला आहे. तेथे १९७१ साली नावांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. केंद्र राज्यांना पैसे देते. पुष्कळ राज्ये त्यातून आपल्या जिल्ह्यांच्या आणि गावांच्या पाण्यावरच्या पोलिसांना मदत करतात. मदत घेणाऱ्यावर अटी असतात. राज्याराज्यांत त्या निराळ्या आहेत, पण धाटणी एकच. गस्तीवरचा माणूस शिकलेला पाहिजे. दिलेली नाव दुसऱ्या कामाला वापरायची नाही. किती तास गस्त झाली याची नोंद पाहिजे. अपघाताची हकिकत लिहून पाठवली पाहिजे. पैशाचा हिशोब वेगळा ठेवला पाहिजे. हिशोब नाही, तर पुढच्या वर्षी पैसा नाही. आम्हांला ही शेवटची अट फार आवडली.

गावाला नाव मिळाली तर

आता आपल्या गावाकडे येऊ. २०२० साली ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगा, कन्हान आणि पेंच यांना मोठा पूर आला. भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीत गावे पाण्यात गेली. २३ सप्टेंबर २०२३ ला तर नागपूर शहरातच अंबाझरी तलाव भरून वाहिला, आणि रस्त्यांवर नावा घालाव्या लागल्या. मूक-बधिर मुलांच्या शाळेतून विद्यार्थ्यांना बाहेर काढावे लागले. नागपुरात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. ती येते. पण ती पोचेपर्यंतचा वेळ गावाचा असतो. त्या वेळात जवळचा डोंगा आणि जवळचा ढिवर हेच खरे दल.

समजा, नदीकाठच्या एका गावाला अशा कामासाठी नाव मिळाली. सोबत वीस जाकिटे आणि दोर मिळाला. पंचायतीची एक तरुण सदस्य बाई घाटावर आली आहे. म्हातारे नावाडी तेथे बसले आहेत. त्यांचे बोलणे ऐका.

“काकाजी, नाव तर आली. आता जाकिटं कुठी ठेवली जी?”

“पंचायतीच्या खोलीत हायेत, सूनबाई. कुलपात.”

“किल्ली कोणापाशी?”

“सचिवसाहेबापाशी.”

“अन् सचिवसाहेब?”

“ते रविवारी घरी जातेत, नागपूरले.”

“मंग रविवारी कोणी बुडालं तं?”

काकाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तं कुलूप तोडा लागन.”

“तोडू. पण तेवढ्या वेळात मानूस वाचन का?”

“नाही वाचत, बाई. पान्यात तेवढा वेळ नाही भेटत.”

“मंग एक किल्ली तुमच्या घरी ठेवा. घाटाच्या जवळ तुमचंच घर हाय.”

“ठेवतो जी. पण एक जाकीट हरवलं तं माह्यावर येईन ना?”

“म्हणून तं वही लिहायची. किती दिली, किती परत आली. तुमची सही.”

“सही येते आता मले,” काकाजी म्हणाले. “मागल्या साली अंगठा होता.”

येथे मुख्य गोष्ट आली. वस्तू एका माणसाच्या नावावर पाहिजे, आणि वही पाहिजे. सर्वांची म्हणून ठेवलेली वस्तू बहुधा कोणाचीच राहत नाही.

वही कशी असावी? फार मोठी नको. तारीख, वेळ, नाव कोणी नेली, किती जण होते, किती वाजता परत आली, तेल किती लागले, काय दिसले. एवढे पुरे. असे लिहावे:

“१२ जुलै. सकाळी ७ ते ९. दोघे गेलो. दोघांनी जाकीट घातले. वरच्या घाटावर एका नावेत जास्त माणसे होती. चार उतरवली. पाणी गढूळ, वाढत आहे. तेल दोन लिटर. नावेच्या मागच्या फळीतून पाणी झिरपते. दुरुस्ती पाहिजे.”

शेवटच्या ओळीकडे पाहा. ती लिहिली नाही, तर पंचायतीला दुरुस्तीचे पैसे मागता येत नाहीत. ती लिहिली, आणि दोन महिने कोणी फळी बदलली नाही, तर ग्रामसभेत ती ओळ मोठ्याने वाचता येते. कोणावर रागावण्याचीही गरज पडत नाही.

दरवर्षी दुरुस्ती आणि तेल यांसाठी पैसे बाजूला काढावे लागतात. नाव फुकट मिळाली तरी ती फुकट चालत नाही. हे पैसे कोठून काढायचे, ते नाव घेतानाच ग्रामसभेत ठरवावे. नाव आल्यावर हारतुरे होतात, फोटो होतो. पुढच्या मृगाला ती नाव पाण्यात घालता येईल का, हे विचारणारे एक माणूस त्या दिवशी सभेत असले पाहिजे.

सराव पाहिजे. पावसाळ्याआधी एक दिवस ठरवा. सगळी जाकिटे बाहेर काढा. उंदराने कुरतडले आहे का, बंद तुटला आहे का, ते पाहा. प्रत्येक जाकीट पाण्यात टाकून पाहा. मुलांची जाकिटे लहान मापाची पाहिजेत. मोठे जाकीट मुलाच्या अंगातून वर निघून जाते. बंद बांधला नाही, तर मोठ्या माणसाचेही तसेच होते. गस्तीला जाणाऱ्याने स्वतः आधी जाकीट घालावे. तो उघडा आणि लोकांना सांगतो घाला, असे चालत नाही.

शिक्षणाचीही सोय आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आपदा मित्र नावाची योजना आहे. तिच्यात गावातल्या स्वयंसेवकांना बारा दिवस शिकवतात. तालुक्याला तहसील कचेरीत त्याची विचारणा करावी. त्यात ढिवरांची मुले आधी पाठवावी, असे आमचे मत आहे. पाणी त्यांना आधीच येते. उरलेले लवकर शिकतील.

गस्तीवाल्याचा अधिकार आणि त्याची मर्यादा, दोन्ही माहीत पाहिजेत. गावचा स्वयंसेवक म्हणजे पोलीस नव्हे. तो नाव जप्त करू शकत नाही, दंड करू शकत नाही. तो सांगू शकतो, वहीत लिहू शकतो, आणि पोलिसांना कळवू शकतो. नावाड्याचे पोट नावेवर आहे, हेही विसरू नये. बारा माणसांऐवजी आठ नेली तर त्याची खेप वाढते, मेहनत वाढते. त्याला चार माणसांचे भाडे कमी मिळते. म्हणून दर ठरवताना ग्रामसभेने त्याचाही हिशोब धरावा. भाडे रुपया-दोन रुपये वाढले तर उतारूंनी कुरकुर करू नये. हे न करता नुसती पाटी लावली, तर ती पाटी चार दिवस टिकेल.

कोणी पाण्यात पडले तर

काठावरून हात पोचत असेल तर आडवे झोपून हात द्या. बांबू द्या, वल्हे द्या. नाही पोचला तर दोर फेका. दोर नसेल तर झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा किंवा गाडीचा फुगवलेला ट्यूब फेका. लुगडी गाठ मारून लांब करता येतात. बुडणाऱ्याजवळ पोहत जाणे हे सर्वांत शेवटी, आणि ज्याला ते शिकवले आहे त्यानेच. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो. एकाला काढायला गेलेले दोघे-तिघे बुडाले, अशा बातम्या दरवर्षी येतात.

नाव उलटली आणि लाकडी असली, तर ती बहुधा तरंगत राहते. तिला धरून राहा. काठ जवळ वाटला तरी सोडून जाण्याची घाई करू नका.

फोन करा. पोलीस ११२. रुग्णवाहिका १०८. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. फोनवर आधी जागा सांगा, गाव आणि घाट. मग किती माणसे, ते सांगा. रडणे मागून करता येते.

माणूस बाहेर काढल्यावर तो श्वास घेत नसेल तर पोट दाबत बसू नका. उलटा टांगू नका. गरगर फिरवू नका. पाठीवर निजवा, तोंडाने श्वास द्या, छाती दाबा. हे करून दाखवून शिकावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना गावात बोलावून शिकून घ्या.

वाचन आणि हिशोब

खालची पाटी मोठ्याने वाचा. अशी पाटी तुमच्या घाटावर आहे का, ते पाहून या.

“या नावेत ८ माणसे. मूलही माणूस धरावे. जाकीट घातल्याशिवाय नाव सुटणार नाही. वारा सुटल्यास व अंधार पडल्यावर नाव बंद. नावेत उभे राहू नये. भाडे ….. रुपये. नावाड्याचे नाव ….. ग्रामपंचायतीचा फोन ….. पोलीस ११२.”

रिकाम्या जागी तुमच्या गावचे आकडे आणि नावे लिहा.

आता हा हिशोब करा. वर सांगितलेली ५ मीटर लांबीची नाव आहे. तिच्यात ७ मजूर बाया, १ नावाडी आणि ६० किलोची मिरचीची ३ पोती आहेत. कड पाण्याच्या किती वर राहील? काठावर आणखी ४ बाया उभ्या आहेत. संध्याकाळ झाली आहे, आणि त्या म्हणतात, आम्हांलाही घ्या. त्यांना घेतले तर कड किती उरेल? त्यांना न घेता नावाड्याने आणखी एक खेप करायची ठरवली, तर त्याला जास्तीचे भाडे किती मिळावे? ते तुम्ही वर्गात बसून ठरवा, आणि वहीत लिहा.